इंदूरहून काय न्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून इंदूरला येणारे पाहुणे परतीच्या आदल्या दिवशी जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक विषय एकाच ठिकाणी घेतला आहे. दुसरीकडे त्याचा संबंध आला, तर फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंदूरची म्हणून नेण्यासारखी वस्तू कोणती? सगळे शेवच आणतात.

शेव आणतात ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. खास इंदुरात बनणारी आणि जीआय (भौगोलिक संकेत) मानांकन असलेली वस्तू म्हणजे चामड्याची खेळणी (प्र. १०). आसपासचा माळवा-निमाड धरला तर महेश्वरची साडी (प्र. ६), धार जिल्ह्यातल्या बागचं छापील कापड (प्र. ९) आणि उज्जैनच्या भेरूगढचं बाटिक. खाण्यात नमकीन आणि जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला (प्र. ४). ह्याशिवाय हातात शिवलिंग घेतलेल्या अहिल्याबाईंच्या छोट्या मूर्ती राजवाड्याच्या आसपास मिळतात. मूर्ती घेताना चेहरा बघून घ्या. साच्यातून घाईत काढलेल्या मूर्तींत नाक-डोळे पुसट असतात आणि घरी गेल्यावर तेवढंच दिसत राहतं.

चंदेरी इंदुरात भरपूर मिळते, पण ते गाव अशोकनगर जिल्ह्यात आहे, इथून बरंच लांब. पेठा आग्र्याचा. आणि गजक मुरैना-ग्वाल्हेरकडची. थंडीत इथेही चांगली मिळते, घ्यायला हरकत नाही. फक्त 'इंदूरची खासियत' म्हणून देऊ नका, घेणारा ग्वाल्हेरचा निघाला तर पंचाईत.

२. हातात एकच संध्याकाळ आहे. काय क्रमाने फिरू?

आधी कापड, मग खेळणी, शेवटी नमकीन. कापडाला दिवसाचा उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली राणी आणि डाळिंबी ह्यांतला फरक कळत नाही. चार-साडेचारला राजवाडा गाठला तर कापडाचा शीतलामाता बाजार पायी अंतरावर आहे. भाव करायची सवय नसेल तर सरकारी मृगनयनी एम्पोरियममध्ये जा, किमती ठरलेल्या असतात आणि साडी, बाग, चामड्याची खेळणी एकाच छताखाली दिसतात. निदान तिथे आधी भाव बघून घ्या, मग बाजारात बोलणं सोपं जातं.

सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली असते. चांदीचं काही घ्यायचं तर दुकानं बंद व्हायच्या आत, भुट्ट्याचा कीस खायचा तर नऊनंतर. घाऊक कापड बाजारासाठी रविवार धरू नका.

३. नमकीन कोणतं आणि किती घ्यावं? किती दिवस टिकतं?

एका घराला अर्धा किलो पुरे. दोन-दोन किलोचे पुडे देणाऱ्याला मोठेपणा वाटतो, पण घेणाऱ्याच्या डब्यात महिन्याभराने खवट वास येतो. त्यापेक्षा पाव-पाव किलोचे दोन प्रकार द्या.

प्रकार ओळखून घ्या. बारीक सेव पोह्यांवर आणि भेळेवर घालायची. लौंग सेवेत लवंग चांगलीच बोलते, लहान मुलं आणि पित्ताची माणसं असलेल्या घरात ती पडून राहते. रतलामी जाडसर, लवंग-मिऱ्याची, भाजीत टाकायलाही चालते. तिला रतलामच्या नावाने वेगळं जीआय मानांकन आहे. लसूण सेव प्रवासात बॅगभर वास सोडते, दुहेरी पिशवीत घ्या. गाठी जाड आणि खुसखुशीत, दात नसलेल्या आजोबांनाही चालतात. आणि खट्टा-मीठा मिक्श्चर हा बिनधोक पर्याय, कुणाला काय आवडतं ते माहीत नसेल तर तोच.

सुटं नमकीन हवाबंद डब्यात साधारण तीन आठवडे चांगलं राहतं. शेव खराब होते ती बेसनामुळे नव्हे, तेलामुळे. तेलाला हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं, म्हणून गाडीच्या डिकीत दिवसभर तापलेला पुडा घरी पोचेपर्यंतच अर्धा म्हातारा झालेला असतो. लांबचा प्रवास असेल तर फुगवलेलं सीलबंद पाकीट घ्या. त्यात हवेऐवजी सहसा नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे शेव चुरत नाही आणि लवकर खवटही होत नाही. पाकिटावर बनवल्याची तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक बघा, आणि 'वापरण्याची अंतिम तारीख' बघण्याआधी तेल कुठलं लिहिलंय ते बघा. काही घरांत पामतेल चालत नाही.

शेव घरी पोचून सादळली तर टाकू नका. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता, तेल न घालता. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरली तर वाफेने पुन्हा मऊ पडते. मात्र खवट झालेली शेव परतून सुधारत नाही.

४. जीरावन भेट म्हणून दिलं, पण 'हे वापरायचं कसं' असं विचारतात. काय सांगू?

पुडीबरोबर सांगून द्या, नाहीतर ती मसाल्याच्या डब्यामागे हरवते. जीरावन फोडणीत घालायचं नसतं. धणे, जिरे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग, लाल मिरची अशी त्याची घडण असते, दुकानागणिक थोडीफार बदलते. ते वरून भुरभुरायचं. वाफवलेल्या इंदुरी पोह्यांवर जीरावन, मग सेव, मग कांदा-कोथिंबीर. पण घरात रोज पोहे होत नसतील तरी ताक, काकडी, पेरू, उकडलेले कणीस, दहीभात ह्यांवर चिमूटभर झकास लागतं. त्यात मीठ असतं, तेव्हा पदार्थातलं मीठ कमी करायला सांगा.

शंभर ग्रॅमची पुडी एका घराला चार महिने जाते. त्यापुढे हिंगाचा वास उडतो आणि नुसतं आंबट-खारट उरतं. म्हणून मोठं पाकीट घेऊ नका.

५. मिठाई नेता येईल का?

मावा-बाटी, रबडी, मालपुवा इथेच खा. खव्याची मिठाई उन्हाळ्यात रेल्वेच्या डब्यात एका रात्रीतही आंबते, आणि आंबल्याचं पटकन कळत नाही कारण साखर वास झाकते. नाहीच राहवलं तर थंडीत आणि बारा तासांच्या आतल्या प्रवासाला.

६. महेश्वरी साडी खरी, हातमागाची आहे हे कसं ओळखायचं?

आधी किनार बघा. महेश्वरीची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येणारी किनार, तिला इथे बुगडी म्हणतात. साडी उलटी करा. किनार सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसली पाहिजे, मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नकोत. नक्ष्यांची नावं विचारा. ईंट, चटई, लहर, चमेली, हीरा. बऱ्याचशा किल्ल्याच्या भिंती, घाट आणि नर्मदेच्या पाण्यावरून घेतलेल्या आहेत. दुकानदाराला ही नावं येत नसतील तर तो साडी विकतोय, महेश्वरी विकत नाही.

मग पदर. पारंपरिक महेश्वरीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. आता नव्या डिझाइनमध्ये हे मोडतात, त्यामुळे पट्टे नसले तर लगेच खोटी म्हणू नका. पण असले तर बरं लक्षण.

मग काठ. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोकदार पट्टी लावतात, तिची बारीक छिद्रं काठाच्या अगदी कडेला ठरावीक अंतराने दिसतात. साडी उजेडासमोर धरून कड डोळ्याजवळ आणा. शिवाय हाताने विणलेल्या कापडात कुठे आडवा धागा किंचित जाड, कुठे विरळ दिसतो. इंचन्‌इंच एकसारखी साडी यंत्रमागाची असण्याची शक्यता जास्त.

शेवटी पोत. नेहमीच्या महेश्वरीत उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. मुठीत चुरगळून सोडा. हलकी वळी पडते पण कापड लगेच मोकळं होतं. प्लास्टिकसारखी सळसळ ऐकू आली तर उभा धागा रेशमाचा नाही. हँडलूम मार्क आणि पक्कं बिल मागा, बिलावर 'हातमाग, रेशीम-सूत' असं लिहून घ्या. नुसतं 'साडी' लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी कामाचं नाही.

धुण्याबद्दल थोडं. पहिल्यांदा ड्रायक्लीन, नंतर गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने. भिजत घालायची नाही, पिळायची नाही, सावलीत वाळवायची, किंचित ओलसर असताना इस्त्री.

७. महेश्वरला स्वतः गेलं तर साडी स्वस्त पडते का?

भाड्याचा हिशेब धरला तर एका साडीसाठी नाही. इंदूरहून साधारण ९० किलोमीटर आहे, दिवस जातो. पण तीन-चार साड्या घ्यायच्या असतील किंवा नऊवारी हवी असेल तर जा. नऊवारी तयार मिळाली तर नशीब, बहुतेक ठिकाणी सांगून विणून घ्यावी लागते आणि विणकर लांबी विचारतो, तेव्हा नेसणारीची उंची आणि नेसायची पद्धत सांगा. नुसतं 'नऊवारी' म्हणून भागत नाही.

गाडीवाला किंवा घाटावरचा वाटाड्या ज्या दुकानात नेतो, तिथे त्याचा हिस्सा तुमच्या किमतीत धरलेला असतो. माग चालू असलेल्या घरातून थेट घेतलं तर निदान साडी कुठे बनली ते डोळ्यांनी दिसतं.

८. सासूबाईंना, आत्याला साडी द्यायची आहे. महेश्वरी की चंदेरी? आणि रंग?

रोज-सणाला नेसणाऱ्यांना महेश्वरी. चंदेरी हलकी, पारदर्शक आणि देखणी, पण तिच्यातल्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढलेला नसतो. त्यानेच तिला ती चमक आणि कडकपणा येतो, आणि त्यानेच ती वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर घडीवर चिरते. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलणाऱ्या बाईला चंदेरी द्या. कपाटात ठेवून विसरणारीला नको.

रंगाबाबत काळा संक्रांतीच्या वाणाला चालतो, लग्न-मुंजीच्या आहेरात आणि डोहाळजेवणाला नाही. ज्येष्ठांना फिक्कट रंग द्यायची सवय असते, पण कित्येक आज्यांना मोरपिशी आवडतो आणि कुणी देत नाही. रंगाची खात्रीच नसेल तर दुपट्टा किंवा स्टोल घ्या. त्याला ब्लाउज, परकर, फॉल काहीच लागत नाही.

आणि भेटीच्या साडीला फॉल-बिडिंग करून देऊ नका. एकदा सुई लागली की दुकानदार बदलून देत नाही, शिवाय महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी वापरण्यासाठी असते, फॉलने तीच झाकली जाते. किमतीची चिठ्ठी काढा, बिल स्वतःजवळ ठेवा.

९. बाग प्रिंट सगळीकडेच दिसतं. अस्सल कसं ओळखायचं आणि रंग जातो का?

बाग ठशांनी छापतात. ठसा उचलून पुन्हा ठेवल्यावर नक्षीच्या सांध्यात कुठेतरी केसभर पुढे-मागे होतंच. पूर्ण थानात एकही सांधा चुकलेला दिसला नाही तर ते स्क्रीन प्रिंट. दुसरी खूण मागच्या बाजूला. अस्सल कापडात लाल-काळा मागेही उमटलेला असतो, कारण छापल्यावर कापड वाहत्या पाण्यात धुऊन रंगासाठी उकळलेलं असतं. वरवर छापलेल्याची मागची बाजू फिकी, जवळजवळ पांढरी.

काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ कुजवून केलेल्या पाण्यातून येतो, लाल तुरटीवर अॅलिझरिन हा रंग बसून. कापडाला आधी हिरड्याचा हात दिलेला असतो, म्हणून जमीन अगदी शुभ्र नसते. शुभ्र पांढऱ्यावर भडक लाल दिसला तर शंका घ्या.

पहिले दोन-तीन धुणे वेगळे, गार पाण्यात. थोडा रंग सुटतो तो न बसलेला जादाचा. तिसऱ्या धुण्यानंतरही बादली लाल होत असेल तर माल चांगला नव्हता. भेटीसाठी सुती चादर किंवा दोहर सगळ्यात उपयोगी, पण समोरच्याकडे पलंग किती फुटी आहे ते आधी विचारा. डबलबेडला ९० बाय १०८ इंचांची बसते, त्याहून छोटी घेतली तर दोन्ही बाजूंनी गादी दिसते.

१०. चामड्याचे घोडे-उंट घेताना काय तपासायचं?

आत तारेचा सांगाडा, त्यावर भर, आणि वर शेळी-मेंढीचं चामडं ताणून बसवलेलं. हत्ती, सिंह, उंट, घोडे सगळं मिळतं, तळहातावर मावणाऱ्यापासून खऱ्या जनावराएवढ्यापर्यंत.

घोडा काचेच्या काउंटरवर ठेवून पाठीवर बोटाने हलकं दाबा. चारही खूर टेकले पाहिजेत. डुलत असेल तर दुकानदार पाय वाकवून देईल, पण वाकवलेला पाय काही महिन्यांत परत मूळ जागी येतो, तेव्हा दुसरा नग मागा. मग उलटा करून पोटाखालचा सांधा बघा, सगळी लपवाछपवी तिथेच असते. चामडं जुळत नसेल तर तिथे रंगाचा जाड थर दिलेला दिसतो. कान आणि खुरांपाशी तारेचं टोक बाहेर आलेलं नको, घरात रांगतं मूल असेल तर विशेषतः. शेवटी नाकाशी धरा. चामड्याचा वास हवा, कुबट बुरशीचा नको.

घरी गेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, मोकळ्या हवेत ठेवा, उन्हात नको कारण चामडं आखडून सांधा उकलतो.

११. ज्यांच्याकडे चामडं चालत नाही, त्यांना काय?

जैन कुटुंबांत आणि काही देवदेव करणाऱ्या घरांत ही खेळणी देऊ नका, 'शोभेची वस्तू आहे' म्हणूनही नाही. त्यांना बागची चादर, आणि कंदमूळ टाळणारे असतील तर लसूण सेव सोडून दुसरं नमकीन. अहिंसा पाळणारे काहीजण रेशीमही नाकारतात, म्हणून साडी द्यायची तर सुती.

१२. ऑफिसात पंधरा जणांना द्यायचं आहे, बजेट कमी आहे.

जीरावनच्या पन्नास ग्रॅमच्या पुड्या. हलक्या, न फुटणाऱ्या, सगळ्यांना चालणाऱ्या. वापरायची रीत (प्र. ४) कागदावर लिहून ग्रुपवर टाका. फ्रिजवरचं राजवाड्याचं चुंबक स्वतःसाठी घ्या, पंधराजणांना देऊ नका.

१३. विमानात काय अडवतात?

शेव, मिक्श्चर, गजक केबिनमध्ये चालतात. लोणचं, तूप, आणि तिखट-मसाल्याची भुकटी सुरक्षा तपासणीत काढून घेतात. जीरावनमध्ये मिरची असते, म्हणून ते चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत, दुहेरी पिशवीत. खेळण्यातली तार मशीनमध्ये दिसते आणि कधीकधी उघडून दाखवावी लागते, म्हणून ते चिकटपट्टीने करकचून बांधू नका.

१४. मुलगी परदेशात आहे. तिच्यासाठी काय नेता येणार नाही?

खसखस आखाती देशांत अजिबात नेऊ नका. मंदसौर-नीमच हा अफूच्या परवानाधारक शेतीचा पट्टा जवळच असल्याने इंदूरच्या सियागंज किराणा बाजारात चांगली खसखस मिळते आणि लोक कौतुकाने घेतात. दुबईत ती बंदी असलेली वस्तू आहे, अटक होऊ शकते. तयार मसाल्यातही खसखस आहे का ते वाचा.

ऑस्ट्रेलियात खाण्याच्या, लाकडाच्या आणि बियांच्या सगळ्या वस्तू अर्जावर जाहीर कराव्या लागतात. मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंचेचं फळ, बियांमुळे जप्त होण्याचीच शक्यता जास्त. लपवल्यास दंड, जाहीर केल्यास फार तर वस्तू जाते. मोराचं पीस देशाबाहेर न्यायला आपल्याच कायद्याने बंदी आहे. कापड कुठेही चालतं.

१५. ओंकारेश्वर-महेश्वरला मिळणारे नर्मदेचे बाण (शिवलिंग म्हणून पुजायचे गुळगुळीत दगड) खरे असतात का? भेट देता येतात का?

दगड खरा, पण 'नदीतून असाच निघाला' ही बहुतेक वेळा गोड गोष्ट असते. खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात नर्मदेचा दगड घासून-घडवून आकार देतात, ह्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती रंग चढवून 'जानव्याची' रेघ दाखवण्यात. ओल्या फडक्याने जोरात चोळा, रंगवलेली रेघ पुसट होते.

देवघरातला बाण अंगठ्याएवढाच असावा अशी रूढी आहे. आणि न विचारता कुणाला देऊ नका. बाण घरात आला की रोजची पूजा आली, परगावी गेल्यावर कोण करणार हा प्रश्न आला. दुसऱ्याच्या माथी नेम मारल्यासारखं होतं.

१६. देवस्थानाबाहेर 'हत्थाजोडी' घ्या म्हणतात, घरात लक्ष्मी टिकते म्हणे. घ्यावी का?

नाही. ती झाडाची मुळी म्हणून विकतात, पण प्रत्यक्षात घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे विकणं, विकत घेणं आणि जवळ बाळगणं तिन्ही गुन्हे आहेत, 'मला माहीत नव्हतं' ह्यानं सुटका होत नाही. 'सियारसिंगी' (कोल्ह्याचं शिंग म्हणून विकतात ती), वाघनख म्हणून विकली जाणारी नखं ह्यांच्या वाटेलाही जाऊ नका. खोटी निघाली तर पैसे गेले, खरी निघाली तर तुम्ही.

१७. राजवाड्यापाशी होळकरी नाणी मिळतात. घेऊ का?

स्वतःच्या हौसेसाठी, नकली समजून आणि नकलीच्या भावात घ्या. सूर्यमुखाची चांदीची होळकरी नाणी खरी असतात, पण पदपथावर चुन्या-मातीत माखून ठेवलेली बहुतेक ओतीव असतात. काठ बघा. ओतीव नाण्याच्या कडेला दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ फिरलेली असते आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल असतात, ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरं तीक्ष्ण असतात. चांदी आहे म्हणत असेल तर सराफ्यात दिवसा वजन आणि कस लावून घ्या, विकणारा 'आता नको' म्हणाला की उत्तर मिळालं.

परदेशी राहणाऱ्या भावाला भेट द्यायची असेल तर एक अडचण वेगळीच आहे. १९७२ च्याच पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे नाणं खरं असेल तर विमानतळावर अडकतं, आणि नकली असेल तर ते नकली आहे हे तिथे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. अशा वेळी विकणाऱ्याकडून 'प्रतिकृती' असं लिहिलेलं बिल घ्या. तो तसं लिहून द्यायला तयार होतो की नाही, हे बघण्यासारखं असतं.